चादरीवरची पाखरं

डेपोतल्या लोकांनी त्याचं नाव टायमिंग ठेवलं होतं, आणि निवृत्त होऊन वर्ष उलटलं तरी ते नाव त्याला सोडायला तयार नव्हतं. एकतीस वर्षं डोंगरातल्या वळणांवर बस चालवली, पण फेरी कधी मिनिटाने इकडची तिकडे झाली नाही. तेव्हा वरच्या नदीवर ट्राउट धरायला जायचं ठरल्यावर त्याने पहिलं काम काय केलं असेल? वेळापत्रक.

गुरुवारी दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर ते अंथरलं होतं. लाल रेघा, निळे आकडे. ३.४० घर. ५.१० पूल. ५.२५ गळ पाण्यात. ७.०० चहा, सात मिनिटं. २.०० आवराआवर. २.३० परतीची बस.

“सात मिनिटांत माझा चहा निवतसुद्धा नाही,” शेजारचे मास्तर म्हणाले.

“मग फुंकून प्या. शाळेची मधली सुट्टी नाही ही.”

मास्तरांनी जन्मभर इतिहास शिकवला होता आणि मासेमारीवरची तीन जाड पुस्तकं वाचली होती. मासा मात्र ताटाबाहेर पाहिला नव्हता. त्यांच्याकडे काम होतं माश्या बनवण्याचं. ट्राउट हा नखरेल मासा, गांडूळ लावून त्याला फसवणं त्या नदीवर कमीपणाचं. तिथे बारीक गळालाच पिसं आणि दोरा गुंडाळून खोटी माशी करतात आणि ती पाण्यावर अलगद उतरवतात. मास्तरांनी पिसांच्या झाडणीतून पिसं उपटून अकरा माश्या केल्या होत्या. तांबड्या, पिवळ्या, एकेक अंगठ्याएवढी.

टायमिंगची बायको पलंगावरच्या उश्यांचे अभ्रे घडी करत उभी होती. आयुष्यभर तिने कापड धुतलं, वाळवलं आणि घडी केलं. आता खालच्या शहरातल्या इस्पितळाची लाँड्री तिच्या हाताखाली होती, दिवसाला चारशे चादरी. त्याआधी बावीस वर्षं वर, त्याच नदीकाठच्या अतिथीगृहात. तिने अभ्र्यावरून एकदा त्या अकरा माश्यांकडे पाहिलं आणि ओठ आत घेतले. हसू आलं की ती तसंच करायची.

“पाच-दहाला पुलावर कोण भेटणार आहे तुम्हाला?” तिने विचारलं.

“मासे.”

“झोपलेले असतील. सप्टेंबरात सकाळचं पाणी हाताला चावतं. काही हलत नाही त्यात.”

“तुला काय गं ठाऊक?” टायमिंग आकड्यांतून डोकं न काढता म्हणाला. “तू तिथे चादरी धूत होतीस. मासे नव्हे.”

मास्तर हसले, आणि मग वहिनींचा चेहरा बघून हसता हसता खोकले. अभ्र्याची चार पदरी घडी झाली होती, तिने ती आणखी एकदा दुमडली, मग आणखी एकदा. शेवटी हातात रुमालाएवढा ठोकळा उरला.

खरी अडचण वेळापत्रकात नव्हती, परवान्यात होती. त्या नदीवर दिवसाला मोजक्याच गळाच्या काठ्यांना परवानगी. अर्ज शुक्रवारी पाचच्या आत नदीखात्याच्या कचेरीत पोचला पाहिजे, महिनाअखेर हंगाम बंद, मग थेट वसंतात. आणि अर्जाचा नववा रकाना म्हणत होता, पहिल्यांदा येणाऱ्याने वाटाड्या सोबत घ्यावा, ज्याची या नदीशी किमान दहा वर्षांची ओळख असेल.

खात्याच्या यादीवर वाटाडे चार. टायमिंगने त्याच संध्याकाळी चौघांनाही फोन लावले. पहिल्याने सांगितलं, तारखा भरल्या. दुसऱ्यानेही तेच. तिसऱ्याच्या बायकोने सांगितलं, त्यांचा पाय मोडलाय, आणि तो कसा मोडला हेही दहा मिनिटं सांगितलं. चौथा नुसता हसला.

“वसंतात जाऊ,” मास्तर म्हणाले आणि आपल्या माश्या डबीत भरून घरी गेले.

टायमिंग काठी पुसत बसला. ही काठी निवृत्तीच्या दिवशी सगळ्या डेपोने मिळून दिली होती. मुठीवर बस कोरली होती, आणि बसच्या पाटीवर त्याचा मार्ग क्रमांक. वर्षभर त्याने मागच्या अंगणात दोरी फेकायचा सराव केला होता. बायकोच्या वाळत घातलेल्या परकरांना त्याने इतके वेळा गळ लावला होता की शेजारीण म्हणायची, “आज काय लागलं हो भावजींना, परकर की टॉवेल?” त्या नदीवरच्या पुलावरून तो हजारो वेळा गेला होता. चाकाखालून पाणी जायचं, चमकायचं, आणि त्याला कधी उतरता आलं नव्हतं. आता काठी कापडी खोळीत गेली. त्याने नाडीची गाठ मारली, ती सुटू नये म्हणून वरून दुसरी मारली.

ती दुसरी गाठ बायकोला बघवली नाही. दुपारचा राग होताच, तो काही कुठे गेला नव्हता. पण रागाच्या शेजारी आणखी काहीतरी येऊन बसलं, आणि तिने त्याला जागा करून दिली.

ती आतल्या खोलीत गेली. पत्र्याच्या पेटीच्या तळातून एक गुंडाळी घेऊन आली आणि वेळापत्रकावरच उलगडली. जुन्या घोंगडीची हातभर रुंद पट्टी होती ती. तिच्यावर पांढऱ्या दोऱ्याने सहा उभे कप्पे शिवलेले, हंगामाचे सहा महिने. आणि प्रत्येक कप्प्यात रांगेने टोचलेल्या माश्या. राखाडी, मातकट, शेवाळी, तिळाएवढ्या, तांदळाएवढ्या. शंभरावर असतील.

टायमिंगने चष्मा शोधला. तो त्याच्या डोक्यावरच होता.

“हे काय?”

“पाहुण्यांच्या खिशातून निघालेलं. मासे मारून यायचे आणि कपडे तसेच धुवायला टाकायचे. गळ हाताला लागायचा, माझ्या बोटांना विचार किती वेळा. मी सगळ्या दाराजवळच्या बुचाच्या फळीवर महिन्यांच्या रांगा लावून टोचून ठेवायचे. ज्याची असेल तो घेऊन जायचा. हंगाम संपला, खोल्या बंद झाल्या, की उरलेल्या या पट्टीवर.”

“पण हे महिने...”

“सांगते ना. ज्याच्या बाहीला माशाचा वास, त्याच्या खिशातली माशी खरी. ज्याची बाही नुसती ओली, त्याची फुकट. फुकटवाल्या मी ठेवल्याच नाहीत.” तिने सहाव्या कप्प्यावर बोट ठेवलं. “हा सप्टेंबर. बघ, एक तरी तांबडी आहे का?”

नव्हती. सगळ्या राखाडी, उभ्या पंखांच्या, भाताच्या शितापेक्षा लहान.

“आणि वेळ?” त्याचा आवाज खाली आला होता.

“वेळ चादरी सांगायच्या. माझ्या दोऱ्या नदीला लागून होत्या. पाण्यातल्या किड्याला पंख फुटले की मासे त्याच्यासाठी वर येतात, आणि ते नवं पाखरू पहिल्यांदा पांढऱ्यावर येऊन बसतं. पंख ओले असतात त्याचे. सप्टेंबरात दोन वाजले की यायची. चादर अर्धी वाळलेली असायची तेव्हा. आणि ढगाळ दिवशी तर विचारू नकोस, पांढरी चादर राखाडी व्हायची. झटकून झटकून हात भरून यायचे. माझी चादर वाळली नाही, की संध्याकाळी पाहुण्यांच्या बाह्या वासाने भरलेल्या! तो दिवस माझा वाईट, त्यांचा चांगला.”

ती बोलत होती आणि बोलता बोलता जुनी गुणगुण तिच्या तोंडात आली. दोरीपाशी उभं राहून तिने ती रचली होती, ऐकायला नदीशिवाय कुणी नव्हतं:

*पांढऱ्या गं चादरीवर कोण बसले इवले,*
*नदीबाईच्या लेकीने पंख वाळत घातले.*

टायमिंगने वेळापत्रकाकडे पाहिलं. २.०० आवराआवर. त्याच्या नदीवर मासे जागे व्हायच्या वेळेला तो सामान बांधत होता.

“हे तू कधी सांगितलं नाहीस मला.”

“तू कधी थांबलास? तुझा तिथे दोन मिनिटांचा थांबा होता.”

त्याने अर्ज पुढे ओढला, नवव्या रकान्यावर बोट ठेवलं आणि तिच्याकडे पाहिलं. मागायची सवय नसलेल्या माणसाचं ते पाहणं होतं.

“येशील?”

“त्या कचेरीत हसतील मला.”

“हसू दे. मी आहे ना शेजारी.”

“दुपारी तूच हसत होतास.”

“मी नाही, मास्तर हसले,” तो म्हणाला, आणि मग कान धरून, “बोललो मात्र मी. चुकलो.”

शुक्रवारी ती इस्पितळातून अर्धी रजा घेऊन निघाली. ठेवणीतली साडी नेसावी की काय, असा विचार मनात आला होता. पण ती कामाच्या कपड्यांतच गेली, पांढरा कोट, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या. कोट तिने स्वतः इस्तरी केला होता. त्याच्या घडीने कागद कापता आला असता.

नदीखात्याची कचेरी म्हणजे लांबट खोली, भिंतीवर नदीचा नकाशा, कोपऱ्यात ओले गमबूट. टेबलामागे चाळिशीची अधिकारी बाई. तिने अर्ज वाचला, नवव्या रकान्याशी थांबली.

“वाटाड्याचं नाव यादीत नाही.”

“वाटाडी आहे,” टायमिंग म्हणाला. “ही बसलीय.”

“बाई, तुम्ही मासे धरता?”

“नाही हो. एकही नाही धरला.”

मागच्या बाकावर, सोबत आलेल्या मास्तरांनी डोळे मिटून घेतले.

“मग नदीची ओळख कशी?” अधिकारी बाईने विचारलं. विचारण्यात खोच नव्हती, पण पेनाचं टोपण तिने लावून टाकलं होतं. “कुठे बसायचात नदीवर?”

“बसायला वेळ कुठे होता? उभी होते. बावीस वर्षं.” तिने पट्टी उलगडली. मग चादरींचं सांगितलं, बाह्यांचं सांगितलं. अधिकारी बाई ऐकत होती. ऐकता ऐकता तिने कपाटातून एक रजिस्टर काढलं आणि पान उघडून आपल्याकडे वळवून धरलं.

“जूनमध्ये संध्याकाळी काय येतं?”

“घराच्या छपरासारखे पंख मिटणारी, मातकट. दिवा लावला की चादरीच्या आतल्या बाजूने बसायची. हिरवी अंडी टाकायची, ती डागांसारखी चिकटायची. साबणाने जात नाहीत, आधी गार पाण्यात भिजवावं लागतं.”

अधिकारी बाई रजिस्टरमध्ये बघून हसली. “डागांचं आमच्याकडे लिहिलेलं नाही.” तिने पान उलटलं. “आणि ही राखाडी, उभ्या पंखांची? ती चादरीवर किती वेळ असते?”

“पाखरू रात्रभर असायचं. दोरीवर विसरलेल्या चादरीवर सकाळी बघावं तर नुसती कात, पंखांसकट. आत कुणी नाही. पुन्हा एकदा कात टाकून उडून जातं ते.”

पेनाचं टोपण निघालं. पण बाई कामात कडक होती.

“हे किड्यांचं झालं. वाटाड्याने माणसाला पाण्यात उभं करायचं असतं, आणि धड परत आणायचं असतं. तुम्ही पाण्यात कधी उतरलात?”

आता ती उठली, आणि भिंतीवरच्या नकाशापाशी गेली.

“बावीस वर्षांत वाऱ्याने माझ्या चौदा चादरी नदीत नेल्या. बारा मी परत आणल्या. प्रत्येकीच्या मागे कमरेएवढ्या पाण्यात गेले. हे पुलाखालचे दगड, काळे, यांच्यावर पाय ठेवायचा नाही, साबणासारखे आहेत. इथे डाव्या हाताला रेती, इथे उभं राहता येतं. चादर वाहत यायची ती या मोठ्या धोंड्याच्या मागे जाऊन थांबायची. दर वेळी तिथेच. पाणी तिथे दम खातं ना. आणि दम खाणाऱ्या पाण्याच्या कडेला मासे असायचे, चादर ओढली की सावल्यांसारखे पांगायचे.” तिचं बोट नकाशावर थांबलं. “इथे.”

“आणि त्या दोन चादरी?” अधिकारी बाईने विचारलं.

“या वळणाच्या खाली गेल्या. तिथे मी उतरले नाही. तिथे कुणालाच उतरू देणार नाही.”

मग अधिकारी बाईने खुर्ची पुढे ओढली आणि नवव्या रकान्यात लिहायला घेतलं.

“आमच्या या नोंदी नऊ वर्षांच्या आहेत,” ती लिहिता लिहिता म्हणाली. “मावशी, ही पट्टी एकदा मला उतरवून घेऊ द्याल?”

“उतरवून घ्या. पट्टी मिळणार नाही.”

“व्यवसाय काय लिहू? वाटाडी?”

“लाँड्रीकाम लिहा,” ती ताठ उभी राहून म्हणाली. “त्याच्यामुळेच तर हे येतं.”

शिक्का बसला. पाच वाजायला बारा मिनिटं होती, हे टायमिंगने घड्याळात न बघता सांगितलं. बाहेर आल्यावर मास्तर म्हणाले, “वहिनी, माझ्या त्या अकरा माश्यांचं काय करू?”

“परत झाडणीला लावा, मास्तर. धूळ तरी झटकेल.”

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली. टायमिंगने वेळापत्रक काढलं, सगळ्या आकड्यांवर एकच आडवी रेघ मारली आणि पेन्सिल तिच्या हातात दिली. तिने विचार करून एकच ओळ लिहिली. १.३०, धोंड्याजवळ. मग त्याच्याकडे बघून खाली जोडलं, चहा, निवेपर्यंत.

त्याने ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग उठला आणि दांड्यांना धरत धरत पुढे गेला. चालत्या गाडीत चालकाशी बोलू नये, अशी पाटी होती समोर. एकतीस वर्षं त्याच पाटीखाली बसून त्याने भल्याभल्यांना गप्प केलं होतं. आता तो पाटीखाली वाकला आणि सगळ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात ड्रायव्हर पोराला म्हणाला, “ती बघ, चौथ्या खिडकीशी. पांढरा कोट. नदीखात्याची वाटाडी आहे. माझी बायको.”

पोराने आरशात पाहिलं. बसमधल्या सगळ्यांनी मागे वळून पाहिलं.

“अरे, बस ना खाली!” ती तिथूनच ओरडली. “त्याचं टायमिंग चुकेल!”

पण तिने मान खाली घातली नाही. खिडकीबाहेर घरामागून घर जात होतं, दोरीमागून दोरी. आभाळ भरून आलं होतं आणि कुणाचीच चादर अजून वाळली नव्हती.