तीन वेळा लाल

दोसोलिनाताईची शेगडी मंगळवारपासून विझत होती आणि रविवारी सकाळी तिचा मुलगा एर्मेस तिची बॅग भरत होता.

"आई, राख काढायला विसरतेस तू. उद्या घरभर धूर झाला तर? उदिनेला चल. माझ्या घरी रेडिएटर आहेत."

ताई एक्क्याऐंशीची. या डोंगरात जन्मली, इथेच म्हातारी झाली. तिला शहरात नेणं म्हणजे तिला जिवंतपणी तिरडीवर ठेवणं, हे मी शेजारी म्हणून चाळीस वर्षं पाहून सांगतो. पण एर्मेसशी वाद घालायला माझी जीभ उचलेना. त्या शेगडीचा मला आधीपासूनच राग होता. लाकूड सोडून भुशाच्या गोळ्या खाणारी आणि दिवे मिचकावणारी शेगडी कुणाला हवी?

ताई मात्र शांत होती. शेगडीसमोर खुर्ची ओढून ती बसली आणि बोटांवर मोजू लागली.

"बॅग राहू दे, इकडे बघ. पिवळा दिवा लागला असता तर गोळ्या संपल्या असं समजायचं. पिवळा बंद आहे. लाल एकदा मिचकावला असता तर राख. राखेचं भांडं मी सकाळीच घासलंय, हात लावून बघ. हा तीनदा मिचकावतो, थांबतो, पुन्हा तीनदा."

"मग?"

"तीनदा म्हणजे हवा. हिला श्वास घेता येत नाहीये. धुराडं ऑक्टोबरमध्ये झाडून घेतलंय. राहिलं हिला बाहेरून हवा देणारं भिंतीतलं भोक." ती माझ्याकडे वळली. "तिते, जरा मागे जाऊन बघून ये रे."

एर्मेसने खरंच भांड्याला हात लावून पाहिला. मी थक्क झालो. चौथी शिकलेली बाई, शेगडीची पुस्तिका वाचायला चष्मा पुरत नाही, पण एकेक शक्यता अशी खोडत गेली की डॉक्टरनेही ऐकत बसावं.

मी बर्फातून घराच्या मागे गेलो. भोकात एक राखाडी मोजा कोंबलेला होता.

माझा मोजा. सोमवारी ताईची मान आखडली होती. मानेला वारा लागला की माणूस कामातून गेला, हे आमच्याकडे तान्ह्या पोरालाही ठाऊक. मीच तिला न सांगता, शेगडीशी त्याचा काही संबंध आहे हे न कळता, मोठ्या मायेने ते भोक बुजवलं होतं.

मोजा बर्फात पुरून टाकावा असं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण मग एर्मेस म्हणाला असता, आईनेच काहीतरी केलं असेल. मी मोजा घेऊन आत आलो.

"माझा आहे," मी म्हणालो. "मी कोंबला. तिचा काही दोष नाही."

ताईने शेगडीचं बटण दाबलं. थोड्या वेळाने गोळ्या खडखडत पडल्या, ज्योत धरली, हिरवा दिवा लागला. मग तिने मोजा हातात घेऊन उलटसुलट पाहिला.

"मीच विणलाय. मंगळवारी तुझ्या एका पायात वेगळा मोजा दिसला, तेव्हाच डोक्यात आलं होतं. म्हटलं, बघू स्वतःहून बोलतो का."

"आणि नसतो बोललो तर?"

"तर गेले असते उदिनेला," ती म्हणाली. "असल्या शेजाऱ्याच्या भरवशावर इथे कोण राहणार?"

मग ती मुलाकडे वळली. "एर्मेस, ती बॅग तितेला दे. शहरात कुणाला ठेवायला हवं ते कळलं ना?"

एर्मेस हसला आणि तिचे लोकरीचे कपडे एकेक करून परत कपाटात ठेवू लागला.