भेंडी, आत चला

माझी बायको बेबीनंदा गेली त्या दिवशी मी कापूस वेचत होतो. दवाखान्यातून शिपाई रामप्रसादचा फोन आला.

"काका, काकूला किती आवाज दिले, उठूनच न्हाई राह्यल्या."

मी चिडलो. "आरं, तिला लहानपणापासून ऐकू येत न्हाई. पुढं जाऊन हात हलव."

"हलवला, काका," तो म्हणाला. "तुम्ही या."

ती बाकावर भिंतीला टेकून बसली होती. नंबराची चिठ्ठी मुठीत होती. तिच्या मागच्या नंबराचे लोक आत जाऊन औषध घेऊन गेले होते. डॉक्टर तृप्ती मॅडम म्हणाल्या, हृदय बंद पडलं. वेळेवर आत आल्या असत्या तर काय झालं असतं, सांगता येत नाही. तेवढंच माझ्या डोक्यात राहिलं.

तिच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाल्यावर मी दवाखान्यात गेलो. म्हटलं, ज्याला ऐकू येत नाही त्याला दिसेल असं काही करा. रामप्रसादला वाईट वाटलं. त्याचा आवाज बसस्टँडपर्यंत जातो.

"अजून जोरात वरडू का?"

"बहिऱ्या माणसासाठी?"

"मंग लईच जोरात."

मॅडमनी आकड्यांची पाटी सुचवली. पण बेबीनंदाला आकडे येत नव्हते. मतदानाला मात्र ती चित्र बघून बराबर बटण दाबायची. म्हणून मी म्हटलं, प्रत्येक चिठ्ठीवर चित्र काढू, तेच चित्र पुठ्ठ्यावर मोठं काढू, आणि रामप्रसाद तो पुठ्ठा वर धरील. मॅडम हो म्हणाल्या. चित्रं मीच काढली.

पहिल्या दिवशी शिडी, किटली, छत्री, कपाट अशी चित्रं होती. कल्याण तापानं फणफणत आला आणि त्याला कपाट मिळालं.

"ह्याच कपाटानं मला ग्रामपंचायतीला पाडलं. कपाट धरून मी आत जाणार न्हाई!"

"आरं, औषध घ्यायचंय, मत न्हाई द्यायचं."

तो ताप घेऊन घरी गेला. छत्रीवर निवडून आलेला आदिनाथ मात्र छत्रीची चिठ्ठी मिळाल्यावर बाकावर बसेचना. सगळ्यांना नमस्कार करत फिरला.

मंग जनावरं काढली. चतुराबाईंना म्हैस आली. त्यांनी चिठ्ठी बघितली, मंग मला बघितलं.

"अप्पाराव, मला बघूनच काढली का?"

गाढव तर कुणी घेतलंच नाही. ते दिवसभर रामप्रसादच्या हातात राहिलं.

शेवटी भाज्या काढल्या. भाज्यांवर कुणाचा राग नव्हता. फक्त माझा मुळा गाजरासारखा दिसायचा, त्यामुळे दोन माणसं एकदम आत घुसली. मुळा काढून टाकला.

सोमवारी वस्तीवरून दुर्गाबाई एकट्याच आल्या. त्यांनाही ऐकू येत नाही. त्यांना भेंडी मिळाली. त्यांचा नंबर आला तसा रामप्रसादनं पुठ्ठा वर धरला आणि सवयीनं वरडला, "भेंडी, आत चला!" सगळा बाक हसला. दुर्गाबाईंनी हातातली चिठ्ठी बघितली, पुठ्ठा बघितला, लुगडं सावरलं आणि आपल्या नंबरावर आत गेल्या. मी थोडा वेळ भिंतीकडं तोंड करून उभा राहिलो.

तेवढ्यात आतून मॅडमचा आवाज आला, "आजी, कुठं दुखतं?" मंग जरा मोठ्यानं. मंग रामप्रसादचा, बसस्टँडपर्यंत.

मी पळत आत गेलो. सगळा संसार मी हातवारे करूनच बोललो होतो. दुर्गाबाईंना हातानं विचारलं, कुठं दुखतं, कधीपासून? त्यांनी माझ्या हातांकडं नीट बघितलं आणि कनवटीची तंबाखूची पुडी काढून मला दिली. आमच्या खुणा मी आणि बेबीनंदानं घरात बसवलेल्या होत्या. दुसऱ्या कुणाला त्या कशा कळणार?

मॅडमनी मंग डोकं, छाती, पोट असं एकेका ठिकाणी बोट ठेवून विचारलं. गुडघ्यावर दुर्गाबाईंनी मान डोलावली. त्यांना गुडघ्याचं औषध दिलं. दुखणं गुडघ्याचंच होतं का, ते आम्हाला कळलं नाही.

बाहेरची भेंडी चालू आहे. आत खुणांची भाषा जाणणारं माणूस अजून नेमलेलं नाही.