पूर्वेकडचा खांब

मित्रांनो, खो-खोच्या मैदानाला दोन खांब असतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यांतला पूर्वेकडचा खांब तो मी. आता मी मैदानावर नाही. बुडापाशी तुटलो. माझे पाय तिथेच मातीत राहिले आणि बाकीचा मी एका घरात आडवा पडून आहे. नुसतं पडून राहिलं की मागचं आठवत राहतं. तुम्हाला सवड असेल तर सांगतो.

मी धारणीकडच्या जंगलातलं धावड्याचं झाड. तिथून लाकडाच्या ट्रकवर पडून अकोल्याला आलो. शहराच्या कडेला एक गाव आहे. तेव्हा ते शहरापासून वेगळं दिसायचं. आता मधल्या वावरांत प्लॉट पडले आहेत. त्या गावात एकाच मैदानाच्या दोन बाजूंना जिल्हा परिषदेच्या दोन शाळा आहेत, एक मराठी आणि एक उर्दू. मराठी शाळेत भगवंतराव गुरुजी होते. त्यांना खो-खोचं वेड होतं. त्यांनी गावातल्या अब्दुल सत्तार मिस्त्रींकडून दोन खांब करून घेतले. मिस्त्री म्हणाले, "गुरुजी, सागवान नको. धावडा घ्या. धावडा धक्का खाते." त्यांनी मला खरादावर चढवलं, गोल केलं, काचकागदानं घासलं आणि जवसाचं तेल पाजलं. मग डोळे मिटून माझ्यावरून हात फिरवला. कुठे कूस, लाकडाची बारीक सल, बोटाला लागते का ते पाहत होते. पोरींचे हात लागायचे होते ना.

त्यानंतरची वर्षं माझी चांगली गेली. केंद्रातल्या सगळ्या शाळांच्या क्रीडास्पर्धा दर हिवाळ्यात आमच्याच मैदानावर व्हायच्या. चुन्याच्या रेघा पडायच्या, उर्दू शाळेच्या व्हरांड्यात पाहुण्या शाळांचे डबे उघडायचे. आमच्या मुलींचा संघ भारी होता. पळणाऱ्या मुलीला वाटायचं आपण खांबापलीकडे सुटलो, तेवढ्यात आमची मुलगी एका हातानं मला धरून सगळं अंग हवेत झोकून द्यायची आणि तिला टिपायची. त्या वेळी तिचा सारा भार माझ्यावर असे. मला ते आवडायचं.

गावाची आणखी एक रीत होती. भाऊबीज झाली की माहेरी आलेल्या लेकी साडीचा पदर खोचून शाळेतल्या मुलींविरुद्ध एक डाव खेळायच्या. लेकुरवाळ्या बायका खांबांमधल्या पाटीवर बसायच्या आणि त्यांची पोरं कडेला उभी राहून आईला हसायची. भगवंतराव गुरुजी पंच असत आणि माहेरवाशिणींना उघडउघड झुकतं माप देत. डाव संपला की गुरुजी आम्हा दोघा खांबांना उपटून, माती पुसून, वर्गाच्या कोपऱ्यात उभं करून ठेवत. पावसाळ्यात आम्ही कधी बाहेर राहिलो नाही.

गुरुजी निवृत्त झाले. त्यांच्यामागे शकुनबाई आल्या.

शकुनबाईंविषयी मी काही वावगं बोलणार नाही. त्या अकोल्याहून येत. दोन वर्ग त्यांच्याकडे होते. खिचडी शिजली की नाही ते पाहणं, मतदारयाद्या, पशुगणना, पल्स पोलिओ, सगळं त्याच करत. दिवस संपला की त्या मैदानावर येत आणि माझ्याशी पाठ टेकून जरा वेळ उभ्या राहत. पाठीवरूनच मला कळायचं की बाई दमल्या आहेत. अशा बाईंनी रोज मला उपटून आत ठेवावं, अशी अपेक्षा मी तरी कशी करू? एका वर्षी मी रोवलेला राहिलो तो राहिलोच. उन्हाळा आला, पावसाळा आला. मातीखालून वाळवी माझ्या बुडाला लागली. वरून मी तसाच दिसत होतो.

तीच वर्षं गावालाही वाईट होती. एका साली पाऊस ओढ देई, दुसऱ्या साली बोंडअळी पडे. माणसं कामाला सुरतेला, पुण्याला जाऊ लागली आणि पोरांना बरोबर नेऊ लागली. ज्यांचं जरा बरं होतं त्यांची पोरं पिवळ्या गाडीतून शहरातल्या शाळेत जायला लागली. आमची हजेरी छोटी होत गेली. माहेरवाशिणींचा डाव केव्हा बंद पडला ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

मग ते साल उजाडलं. केंद्रप्रमुख शाळेत आले होते. जाताना मैदानावर उभे राहून शकुनबाईंना म्हणाले, "बाई, तुमचा संघच होत नसेल तर स्पर्धा तुमच्या मैदानावर कशाला ठेवायच्या? दुसरं गाव मागून राहिलं."

बाई म्हणाल्या, "सर, मैदान रिकामं पडलं तं त्याच्यावर दुकानाचे गाळे निघतीन. बोलणं चालूच आहे."

"मंग संघ करा," ते म्हणाले. ते वाईट माणूस नव्हते.

खो-खोला नऊ जणी लागतात. बाईंपाशी पळू शकतील अशा सहाच होत्या. बाई मैदान ओलांडून उर्दू शाळेत गेल्या आणि शाकीब सरांना घेऊन परत आल्या. शाकीब सर तरुण होते. ते म्हणाले, "माझ्याकडे तिघी आहेत, तुबा, फलक, आमिना. तयार होतील. पण घरून?" तुबा अब्दुल सत्तार मिस्त्रींची नात. दुसऱ्या दिवशी मिस्त्री स्वतः काठी टेकत आले. माझ्याकडे पाहिलं, शाकीब सरांकडे पाहिलं आणि म्हणाले, "खांब आपने बनवाचे अन् खेळाचं दुसऱ्याच्या पोरींनी? खेळू द्या तिले." मिस्त्रींनी हो म्हटल्यावर फलक आणि आमिनाच्या घरचेही काही बोलले नाहीत. दोन शाळांचा एक संघ चालेल, असं केंद्रप्रमुखांनीही मान्य केलं.

उरली एक अडचण. सहा जणींतली सगळ्यांत चपळ मुलगी अपेक्षा. ती शाळेत यायचीच बंद झाली होती.

बाई तिच्या घरी गेल्या. तिथे काय झालं ते त्यांनी शाकीब सरांना मैदानावर सांगितलं, म्हणून मला कळलं. अपेक्षाचा बाप जानराव पुण्याला वॉचमन होता. घरी आई, पार्बताबाई, एकटी. घरामागे वावर. कापूस फुटला होता आणि सगळ्यांचा एकदमच फुटल्यामुळे वेचायला बाया मिळत नव्हत्या.

"बाई, पोरगी खेळाले आली तं वावरात कोन?" पार्बताबाईनं विचारलं होतं. "आभाय भरून आलं अन् पानी पडलं तं सारा कापूस मातीत जाईन. तुमाले खेळाचं पडलं."

बाई म्हणाल्या, "माह्यापाशी आठच आहेत. तिच्याशिवाय संघ होत नाही."

पार्बताबाईनं पोरीकडे पाहिलं. मग म्हणाली, "एक दिवस देते. त्याच्यावर मागू नका."

मित्रांनो, त्या एका दिवसासाठी अपेक्षा रोज सकाळी कापूस वेचून संध्याकाळी सरावाला येत होती. बोटांना बोंडांची टोकं लागून ओरखडे पडलेले. ते हात मला ओळखीचे झाले. ती मला धरून झेप घेई तेव्हा बुडाशी काहीतरी करकरायचं. मला ते ऐकू येत होतं. सांगायला तोंड नव्हतं.

स्पर्धेच्या दिवशी मैदान पुन्हा पूर्वीसारखं भरलं. मिस्त्री खुर्चीवर बसले होते. भगवंतराव गुरुजीही टोपी घालून आले होते. आमच्या मुली पहिला सामना जिंकल्या, दुसरा जिंकल्या. तुबा पाटीवरून अशी उठायची की समोरचीला वळायला वेळ मिळायचा नाही. शेवटच्या सामन्यात समोरच्या संघातली शेवटची पळणारी मुलगी उरली होती. ती पळत माझ्या बाजूला आली. अपेक्षा मागून आली, तिनं मला धरलं आणि सगळा भार टाकून झेपावली.

मी तुटलो.

ती पडली आणि मी तिच्या मनगटावर पडलो. तिचा हात समोरच्या मुलीला लागला होता की नाही, यावर नंतर लोक भांडले. मला माहीत आहे, पण ते सांगून आता काय करायचं. तिचं मनगट वाकडं झालं होतं. ती रडली नाही. ओठ चावून पडून राहिली. शाकीब सरांनी तिला मोटारसायकलवर बाईंच्या पुढ्यात बसवून दवाखान्यात नेलं. खांबाशिवाय सामना पुढे चालेना. जिंकणाऱ्याची ढाल दुसऱ्या गावाला गेली.

सगळे पांगल्यावर अब्दुल सत्तार मिस्त्रींनी मला उचललं. तुटलेल्या टोकात बोट घातलं. वाळवीची माती भुरभुर खाली पडली. त्यांनी मला शाळेच्या भिंतीला टेकवून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी पार्बताबाई शाळेत आली. तिनं आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, असं बाईंच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"एक दिवस देल्ला होता, बाई," ती म्हणाली.

"हो."

"आता महिनाभर पोरीचा हात बांधून राहीन. मी एकटी किती वेचू?"

पार्बताबाईनं माझ्याकडे बोट दाखवलं. "हेच लाकूड ना? हे मले द्या. पानी तापवाच्या कामी येईन."

"घेऊन जा," बाई म्हणाल्या.

पार्बताबाईनं मला काखोटीला मारलं आणि घरी नेऊन चुलीजवळच्या ढिगावर टाकलं. मी लगेच जळायला हवा होतो. पण धावडा फोडायला माणसाचा हात लागतो आणि घरचा माणूस पुण्याला. तिनं कुऱ्हाडीचे दोन घाव घातले, घाम पुसला आणि मला तसंच ठेवून वावरात गेली. घरामागचं ते वावर मला ढिगावरून दिसायचं. पांढऱ्या फटक कापसात ती एकटी वाकलेली. गळ्यात बांधलेला हात घेऊन अपेक्षा उंबऱ्यात बसून असायची. एकदा ती उठून एका हातानं वेचायला गेली, तेव्हा आईनं तिला रागावून परत पाठवलं. तिकडे आभाळ मळकट होऊ लागलं होतं.

रविवारी सकाळी अंगणात पावलं वाजली. शकुनबाई होत्या आणि त्यांच्यामागे संघातल्या आठही जणी. कापूस भरायला कमरेला ओढण्या नि जुने धडपे बांधलेले.

पार्बताबाई सूप हातात धरून उभी राहिली. "काय काम आहे, बाई?"

"वेचाले आलो."

"तुमाले येते वेचाले?"

"मले येत नाही," बाई म्हणाल्या. "पोरींले येते. फलकले येत नाही. आमी दोघी शिकून घेऊ."

पार्बताबाई वळली. मला वाटलं ती नाही म्हणते आहे. पण तिनं खुंटीवरून आणखी दोन फडकी काढली आणि बाईंच्या हातात दिली. "ओला कापूस घेऊ नका. पाला लागू देऊ नका," एवढंच म्हणाली.

त्या ओळीनं वावरात शिरल्या. शकुनबाई सगळ्यांच्या मागे पडल्या. थोड्या वेळानं कंबर धरून उभ्या राहिल्या, बोट तोंडात घातलं आणि परत वाकल्या. अपेक्षा वावराच्या कडेच्या धुऱ्यावर जाऊन बसली आणि कुणाची ओळ सुटली ते ओरडून सांगू लागली. तुबानं तिकडून काहीतरी म्हटलं आणि अपेक्षा हसली. हात मोडल्यापासून ती पहिल्यांदाच हसत होती. दुपारी पार्बताबाईनं सगळ्यांना भाकर आणि मिरचीचा ठेचा वाढला. शाकीब सर मोटारसायकलवर पाण्याचा कॅन घेऊन आले आणि तेही वावरात उतरले.

दुसऱ्या दिवशी पाऊस आला. उरलेला कापूस भिजला. अर्धं वावर घरात आलं होतं, अर्धं मातीत गेलं. सगळं वाचलं असं मी सांगितलं असतं तर तुम्हाला बरं वाटलं असतं, पण तसं झालं नाही.

पावसानंतर शकुनबाई पुन्हा येऊन गेल्या. निघताना अंगणात थांबल्या. म्हणाल्या, "माफी मागू का, तेही समजून नाही राह्यलं मले."

पार्बताबाई चुलीत फुंकत होती. मान वर न करता म्हणाली, "पुढच्या साली येईन पोरगी खेळाले. पन खांब पाहून घेत जा, बाई."

अपेक्षाचं मनगट जोडलं गेलं, पण जरा तिरपं बसलं. झेप घेणं तिला पुन्हा जमलं नाही. पळायची पाळी आली की मात्र ती कुणाच्या हाती लवकर लागत नसे. पुढच्या साली स्पर्धा दुसऱ्या गावी गेल्या. आमचा दोन शाळांचा संघ टेम्पोत बसून तिकडे गेला आणि दुसऱ्याच सामन्यात हरून परत आला. मैदानाच्या एका कोपऱ्यात गाळे झाले. बाकीचं मैदान आहे. तिथे आता लोखंडी खांब आहेत आणि शकुनबाई खेळ सुरू होण्याआधी दोन्ही खांब हातानं हलवून पाहतात, असं अपेक्षा घरी सांगते.

मला पार्बताबाईनं जाळलं नाही. तिनं मला ज्वारीच्या पोत्यांखाली आडवं घातलं आहे, पोत्यांना ओल लागू नये म्हणून. अंगावर भार आहे, अंधार आहे. मला आता त्याचं काही वाटत नाही.

मित्रांनो, खेळ संपला की खांब उपटून आत ठेवत जा, माती पुसत जा. वर्षातून एकदा तेलाचा बोळा फिरवला तरी पुरे. आणि एखाद्या दिवशी संघातली एखादी मुलगी मैदानावर दिसली नाही, तर तिच्या नावापुढे फुली मारून खेळ सुरू करू नका. आधी तिच्या घरी जाऊन या.