गाडीतलं वाढतं तेल

मुकुल होता तोवर त्याच्या गाडीला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचं वारंही लागलं नव्हतं. दोन सीटांची लाल स्पोर्ट्स कार, तीही सेकंडहँड. मुलुंडला बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये, भिंतीकडच्या कोपऱ्यात ती उभी असायची आणि रविवार उजाडला की मुकुल बॉनेट उघडून आत डोकं घालायचा. इंजिनचं तेल बदलणं, प्लग साफ करणं, ब्रेकचे पॅड, सगळं स्वतः. बायको म्हणून उत्तराला एवढंच ठाऊक होतं, की रविवारी जेवायला त्याला चार हाका जास्त माराव्या लागतात.

त्याच्या वडिलांना, मार्तंडरावांना, हे बघवत नसे. ते विमा कंपनीतून रिटायर झालेले, घरातसुद्धा इस्त्रीच्या शर्टात वावरणारे. "एवढी महागाची गाडी, तर कंपनीत दे. तिथे शिकलेली माणसं बसलीत. तू कशाला हात काळे करतोस?"

"बाबा, त्यांना सगळ्या गाड्या सारख्या. माझ्या गाडीचं काय दुखतंय, ते मलाच कळणार."

यावरून शब्दाला शब्द वाढायचा. शेवटी शेवटी तर बापलेक समोरासमोर जेवायला बसून उत्तराच्या तोंडून बोलायचे. 'त्याला सांग, आमटी वाढून घे.' 'त्यांना सांग, नकोय.' हसावं की रडावं, तिला कळेनासं व्हायचं. आणि हे असंच चालू असताना मुकुल एका दुपारी ऑफिसात खुर्चीत बसल्या बसल्या गेला.

गाडी विकायला उत्तराचं मन होईना. स्वतः काही करावं तर बॉनेट कुठून उघडतं, इथपासून सुरुवात. म्हणून ती गाडी अंधेरीच्या सर्व्हिस सेंटरला देऊन आली. तिथल्या देवेश नावाच्या मुलाने सगळं नीट समजावून सांगितलं, नवीन तेल घातलं, गाडी धुऊन दिली. बाबांनी वरून खिडकीतून गाडी आत येताना पाहिली आणि पडदा ओढला.

मग काही दिवसांनी ऐरोलीच्या सिग्नलला तिच्या मागचा रिक्षावाला ओरडला, "मॅडम, धूर बघा." आरशात सगळं निळसर पांढरं दिसत होतं. गाडी पुन्हा अंधेरीला गेली. देवेशने तेल मोजायची पट्टी बाहेर काढून तिच्यासमोर धरली.

"हे बघा. खुणेच्या किती वर आलंय. आम्ही एवढं घातलं नव्हतं, मॅडम. घरी कोणी हात लावतं का?"

"घरी कोण आहे हात लावायला?"

"तेल कमी होतं, ते समजू शकतो. वाढणार कसं?" तो ओशाळून हसला. जास्तीचं तेल त्याने काढलं. पण पुढच्या खेपेला पट्टी पुन्हा वरपर्यंत भिजलेली. आता तो हसला नाही. "असं चालू राहिलं तर इंजिनची वाट लागेल," म्हणाला.

त्या दिवशी परत येताना उत्तराने गाडीत रेडिओ लावला नाही. बाजूच्या रिकाम्या सीटकडे तिने एकदाही पाहिलं नाही. बिल्डिंगमध्ये शिरल्यावर नवीन आलेला वॉचमन राजाराम गेट उघडून उभा होता. तिने सहज विचारावं तसं विचारलं, "आमच्या गाडीपाशी कोणी येतं का हो?"

"साहेब येतात ना दुपारचे."

"कोण साहेब?"

"गाडीवाले साहेब. बॉनेट उघडून काम करत असतात. मागनंच बघितलंय. ग्रे टीशर्ट, तेलाचे डाग पडलेला."

उत्तराचे हात स्टिअरिंगवरच राहिले. तो टीशर्ट मुकुलचा होता. तिने स्वतः धुऊन कपाटात तळाशी ठेवला होता. वर गेल्यावर तिने कपाट उघडलं. टीशर्ट जागेवर होता, घडी केलेला. नाकाशी धरला तर ताज्या तेलाचा वास आला.

दुसऱ्या दिवशी ती घाटकोपरच्या ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा टाकून निघाली. पार्किंगमध्ये भर दुपारीही अंधारल्यासारखं असतं. बॉनेट उघडं होतं. आत वाकलेली ती पाठ, तो ग्रे टीशर्ट, डावा हात मडगार्डवर टेकवायची ती तऱ्हा. उत्तराने हाक मारली नाही. एवढंच वाटलं, की हा मागे वळू नये. जितका वेळ वळणार नाही तितका वेळ तो आहे.

तो वळला. मार्तंडराव होते. हातात तेलाचा डबा, नाकावर चष्मा घसरलेला.

"बाबा, हे काय करताय?"

"तेल घालतोय." चोरी पकडली गेल्यासारखे ते मुळीच दिसत नव्हते. "तो विचारतो ना रोज. बाबा, तेल घातलंत का?"

"कोण?"

"मुकुल." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "खाली आलं की बोलतो. घरात नाही बोलत. टीशर्ट घाला म्हणाला, शर्ट खराब होईल. मला कुठे यातलं काय कळतं? तो सांगतो, मी करतो."

उत्तरा तिथेच शेजारी उभ्या असलेल्या मोटरसायकलला टेकली. तिला भीती वाटायला हवी होती. वाटला तो हेवा. ज्या बापाशी तो नीट बोलत नव्हता त्याच्याशी रोज दुपारी गप्पा, आणि ती रात्र रात्र जागी असते तर खोलीत साधी चाहूल नाही.

"माझ्याबद्दल काही विचारतो?"

मार्तंडरावांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "नाही गं. गाडीचंच बोलतो."

तिने डबा लपवून ठेवला. त्यांनी स्टेशनजवळच्या दुकानातून दुसरा आणला. समजावून सांगावं तर ते शांतपणे ऐकून घेत आणि म्हणत, "मी त्याला विचारतो." इकडे देवेशने फोनवर बजावलं, की आता सील गळायला लागलेत, पुढच्या वेळी इंजिनच उतरवावं लागेल. तेव्हा उत्तराने एक सकाळ पाहून, चहा देता देता, मनातल्या मनात घोकलेलं वाक्य बोलून टाकलं.

"बाबा, काल मी खाली गेले होते. माझ्याशी बोलला."

त्यांनी कप खाली ठेवला. "काय म्हणाला?"

"म्हणाला, बाबांना सांग, आता पुरे. गाडी कंपनीत जाऊ दे. ते म्हणत होते तेच बरोबर होतं."

मार्तंडरावांना जन्मभर जे ऐकायचं होतं ते आज कानावर पडलं होतं. पण त्यांचा चेहरा उजळला नाही. खांदे खाली आले, जसे मुकुलला नेताना आले होते.

"असं म्हणाला? स्वतः?"

"हो."

"तो असं कधी म्हणायचा नाही," ते म्हणाले. मग कप बाजूला सारत, "थकला असेल."

त्या दिवसापासून ते खाली गेले नाहीत. टीशर्ट त्यांनी स्वतः धुतला आणि तिच्या हातात दिला. अंधेरीला गळके सील बदलून झाले आणि पुढच्या खेपेला पट्टी बरोबर खुणेवर आली. देवेश खूश झाला, गाडी आता झकास आहे म्हणाला. धूर नाही, गळती नाही, आवाज नाही. घरात तर त्याहून कमी आवाज. मार्तंडराव जेवायला बसत, उठत, पेपर उलगडून तसाच मांडीवर ठेवून बसत. मुकुलचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

उत्तराला ते सोसेना. एका दुपारी ती ऑफिसातून लवकर आली, खाली गाडीत बाजूच्या सीटवर जाऊन बसली, दार लावून घेतलं आणि कान देऊन राहिली. वरच्या मजल्यावर कोणाच्या तरी मिक्सरचा आवाज येऊन थांबला. बाकी काही नाही. ती वर आली. मार्तंडराव खिडकीत होते.

"बाबा, एकदा खाली चला ना माझ्याबरोबर. तुमच्याशी बोलेल तो."

त्यांनी मान हलवली. आवाजात राग नव्हता.

"आता कशाला येईल? तूच निरोप आणलास ना, गाडी कंपनीत जाऊ दे म्हणून. मग त्याचं इथे काय काम उरलं?"