योलूच्या व्हिसापायी झिजलेली काच

मित्रांनो, माझ्या काचेच्या उजव्या कोपऱ्यात चहाच्या कपाचे एक गोल वर्तुळ उमटले आहे आणि मधोमध एक लांब ओरखडा आहे. या दोन्ही खुणा एकाच कामात पडल्या. त्या कामाने मला जेवढे छळले, तेवढे आयुष्यात दुसऱ्या कशानेही छळलेले नाही. मी एक जुना स्कॅनर आहे. कागद पालथा ठेवावा, झाकण लावावे, बटण दाबावे. माझा दिवा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकतो आणि कागदाची हुबेहूब प्रत संगणकात जाऊन पडते. इतके सरळ माझे काम. माणसे मनावर घेतात तेव्हा ते किती वाकडे करू शकतात, हे सांगण्यासाठीच आज मी तोंड उघडले आहे.

माझी पहिली नोकरी ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावरील एका तंत्रशाळेत होती. तेथे यंत्रांचे आराखडे माझ्या काचेवरून जात. विद्यार्थी हात स्वच्छ पुसून मगच मला स्पर्श करीत. रेखाटनाचे वृद्ध शिक्षक म्हणत, "याने काढलेल्या रेघेवर डोळे मिटून माप घ्या." असे शब्द ऐकले की दिव्याला वेगळेच तेज चढते. पुढे नवे यंत्र आले आणि माझी रवानगी कपाटाखालच्या अंधारात झाली. मोडीत निघण्याच्या दिवशी शाळेचा एक जुना विद्यार्थी आला. त्याने माझे झाकण उघडून बिजागरी हलवून पाहिली आणि मला काखोटीला मारले. तो क्लेम डिरीन. सफरचंदे निवडण्याच्या कारखान्यात त्याने जन्मभर फिटरचे काम केले होते. ह्यूऑन खोऱ्यातील त्याच्या घरी, स्वयंपाकघराच्या खिडकीशी त्याने मला बसवले. पंपांची माहितीपत्रके तो क्रमाने काढी, काम संपले की काच पुसी आणि झाकण अलगद टेकवी. म्हातारपण असे जावे, असे मला वाटत होते.

पण त्याच घरात त्याची मुलगी जनीन राहत होती, आणि जनीनचे योलूवर प्रेम होते.

योलू पॅसिफिक महासागरातल्या वानुआटू देशाच्या तान्ना बेटाचा. सफरचंदाच्या हंगामात तो इतर गाववाल्यांबरोबर आमच्या खोऱ्यात कामाला येई आणि संध्याकाळी क्लेमच्या छपरीत त्याची जुनी करवत, जुना पंप दुरुस्त करू लागे. असे तीन हंगाम गेले. चौथ्या वर्षी गावातून येण्याची पाळी त्याच्या धाकट्या भावाची होती. योलू घरी राहिला आणि दोघांनी दूरध्वनीवर लग्नाचे ठरवले. मात्र योलूच्या काकाने अट घातली. मजुरीवर गेलेल्या माणसाने मागणी घालायची नसते. आपल्या घरून निघावे, आपली चटई घेऊन मुलीच्या बापासमोर बसावे, मग विचारावे. क्लेमच्या छातीचे दुखणे असे की डॉक्टरांनी विमान वर्ज्य केलेले. म्हणजे योलूनेच यायचे. त्याला तीन आठवड्यांचा पाहुणा म्हणून येऊ द्यावे, एवढाच अर्ज करायचा होता. तो मंजूर झाला नाही, तर मागणी नाही. आणि मागणी नाही, तर लग्न नाही.

एवढाच अर्ज! मित्रांनो, त्या "एवढाच" शब्दावर माझा आजही राग आहे.

जनीनने टेबलावर कागदांचा डोंगर आणून टाकला. दोघांचे संदेश, फोनची बिले, वाढदिवसाची शुभेच्छापत्रे, बसची तिकिटेसुद्धा. एकेक कागद ती माझ्या काचेवर वाकडा ठेवी, आणि प्रत वाकडी आली की मलाच म्हणे, "काय झालंय याला?" स्पष्ट प्रत काढली की संगणक सांगे, फाइल फार जड आहे. हलकी काढली की तीच म्हणे, काही वाचता येत नाही. औषधाच्या दुकानातल्या बाईंकडून, इकडे त्यांनाही तो अधिकार असतो, प्रती खऱ्या असल्याचे शिक्के आणले, तेव्हा शिक्का नेमका पासपोर्टावरच्या योलूच्या नाकावर बसला. सगळे पुन्हा. त्याच दिवशी तिने गरम चहाचा कप माझ्या काचेवर ठेवला.

छायाचित्रांची तऱ्हा आणखी वेगळी. तान्नावर चारचौघांत कुणी बायकोच्या खांद्यावर हात टाकत नाही. त्यामुळे प्रत्येक छायाचित्रात योलू हाताची घडी घालून सरळ समोर पाहत उभा, आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर जनीन.

क्लेमने चष्मा कपाळावर चढवून ती सारी पाहिली. "बिघडलेल्या बसची वाट पाहत थांबल्यासारखे दिसताय दोघं. हा तुला ओळखतो तरी का?"

"बाबा, तू मदत करणार आहेस की नुसता बसून टोमणे मारणार आहेस?"

"दोन्ही जमतं मला."

शेवटी तो डोंगर गेला, आणि काही आठवड्यांनी उत्तर आले. नकार. उत्तराचा मथितार्थ असा, की मुदत संपल्यावर पाहुणा आपल्या देशी परतेल याची खात्री पटत नाही. जनीनने कागद टेबलावर आपटला.

"प्रेम आहे हे दाखवा म्हणतात. दाखवलं. आता म्हणतात, एवढं प्रेम आहे तर हा परत कशाला जाईल! मग काय, आमचं भांडण झालंय असं लिहू?"

"लिही की," क्लेम म्हणाला. "रोजचं तुझं-माझं ऐकून साक्ष द्यायला मी तयार आहे."

ती हसली नाही. ती उठून दाराआड निघून गेली. क्लेमने किटली लावली, तिचा कप भरला आणि तो माझ्यापासून मुद्दाम दूर ठेवला. त्या माणसाला दुःखातही यंत्राची काळजी होती, हे मी विसरलेलो नाही.

दुसरा अर्ज सुरू झाला. आता योलूला घरी बांधून ठेवणारे काय आहे, ते दाखवायचे होते. जनीनने त्याला फोन लावला आणि आवाज मोठा केला. मागे कोंबडे आरवत होते.

"योलू, जमिनीचा कागद पाठव."

"कसला कागद?"

"तुझी जमीन तुझी आहे, असा."

"ती माझीच आहे."

"हो रे बाबा, पण कागद!"

"ज... जनीन, इथे सगळ्यांना माहीत आहे," योलू शांतपणे म्हणाला. रागावलेल्या बाईसमोर त्याची जीभ अडखळत असे. "ओढ्यापासून वडाच्या झाडापर्यंत आजोबांची, मग बाबांची, आता माझी. त्या साहेबांना शंका असेल तर त्यांनी यावं. काका दाखवतील. जेवूनच जा म्हणावं."

जनीनने कपाळ माझ्या झाकणावर टेकवले. झाकण कुरकुरले. कुणी लक्ष दिले नाही.

मग ती बापाकडे वळली. "आता तुझं पत्र. तो कसा माणूस आहे ते लिही. तू त्याला तीन हंगाम पाहिलंयस."

क्लेमने कोरा कागद घेतला, पट्टीने समास आखला, तारीख घातली आणि बराच वेळ पेन धरून बसला. मग त्याने लिहिले, सही केली आणि कागद स्वतः नीट सरळ माझ्या काचेवर ठेवला. इतका मोकळा कागद मी कधी पाहिला नव्हता. त्यावर एकच ओळ होती: "योलू हा माणूस वाईट नाही."

"बाबा!"

"काय?"

"वाईट नाही? व्हिसाचा अधिकारी हे वाचून म्हणेल, सासराच असं म्हणतो, म्हणजे नक्की काहीतरी भानगड आहे!"

"अगं, मी माझ्या लग्नातसुद्धा तुझ्या आईबद्दल एवढं बोललो नव्हतो."

"म्हणून तर आई तीन दिवस रुसली होती. बिघडलेल्या पंपावर तू चार पानं लिहितोस, आकृतीसकट! माणसावर एक ओळ?"

"पंपात काय आहे ते मला दिसतं," क्लेम म्हणाला आणि एकदम त्याचा आवाज चढला. "आणि काय लिहू? गेल्या वर्षी जुलैत बागवाल्या कार्लने त्याला सांगितलं, छाटणीला थांब, चांगले पैसे देतो. तू इथे रडून डोळे लाल करून बसलीस. आणि हा त्याच्या तोंडावर म्हणाला, नाही थांबत, कोनफळ लावायची वेळ झाली. कोनफळ! माझ्या मुलीपेक्षा याला कंद मोठा. ते लिहू का तुझ्या अर्जात?"

ती गोष्ट जनीनने पहिल्या अर्जातून जाणूनबुजून गाळली होती. त्या दिवसाचे एकही पान माझ्या काचेवर आले नव्हते, कारण तिला वाटे, त्याने आपल्याला तेव्हा कमी लेखले.

"दरवर्षी?" तिने हळूच विचारले.

"काय दरवर्षी?"

"दरवर्षी गेला तो, वेळेवर?"

"तीनही वर्षं. एकदा तर कार्लने पगार वाढवला, तरी गेला. मी म्हटलं ना, याला कंदच..." क्लेम मध्येच थांबला. त्याने चष्मा कपाळावरून डोळ्यांवर ओढला आणि समोरच्या एका ओळीच्या पत्राकडे पाहिले. पंपात दोष सापडला की तो असाच पाहत असे.

"बाबा," जनीन म्हणाली, "हेच लिही."

त्याने नवा कागद घेतला. या वेळी पेन थांबले नाही. प्रशंसा त्याला जमत नव्हतीच. त्याने तपासणीचा अहवाल लिहिला. योलूने उसना घेतलेला पाना त्याच खिळ्यावर परत टांगला. जे दुरुस्त झाले असे सांगितले, ते दुरुस्त झालेले निघाले. जेव्हा जातो म्हणाला, तेव्हा गेला. पैशासाठी थांबला नाही, माझ्या मुलीसाठीही थांबला नाही, कारण कोनफळ वेळेवर लावले नाही तर त्याच्या घरी वर्षभर खायला नसते. याचा मला राग आला होता. सफरचंदवाला कार्ल याला साक्षी आहे. आता तो वेल आधारावर चढवून येईल आणि कोनफळ काढायच्या आधी परत जाईल, हे मी माझ्या सहीने लिहून देतो. खाली शेवटची ओळ तीच: "माणूस वाईट नाही."

जनीनने वाचून मान हलवली. ती शेवटची ओळ तिने काढायला सांगितली नाही. योलूच्या काकाचेही पत्र आले. त्यात कोनफळाच्या वाफ्यांची नावे होती आणि ते वाफे कुणाच्या ताब्यात आहेत ते होते. या वेळी कागद थोडे होते. घाईत एक टाचणी कागदात राहून गेली आणि माझ्या काचेवर हा ओरखडा ओढला गेला. क्लेमचे पत्र मात्र पहिल्याच फेरीत सरळ, स्वच्छ उतरले. माझ्या त्या साऱ्या कष्टात पुन्हा काढावे न लागलेले पान ते एकच.

मंजुरी आली तेव्हा जनीन ओरडली, इतकी की क्लेमने छातीवर हात ठेवून म्हटले, "बेताने. मी मेलो तर योलू मागणी कुणाकडे घालेल?"

नोव्हेंबरात योलू आला. स्वयंपाकघराच्या जमिनीवर त्याने चटई अंथरली, तिच्यावर बसला आणि क्लेमलाही बसायला लावले. खाली बसताना क्लेमचे गुडघे माझ्या बिजागरीपेक्षा मोठ्याने वाजले.

"कोनफळ आणलं होतं, बाबा," योलू म्हणाला. "विमानतळावर मी स्वतः सांगितलं. बाहेरचा कंद आत नेऊ देत नाहीत, म्हणून त्यांनी ठेवून घेतलं. चटई तपासून सोडली."

"केवढं होतं?"

योलूने दोन्ही हात पसरले. त्याच्या आणि क्लेमच्या मधली सगळी जागा त्या हातांनी भरून गेली. क्लेमने ते अंतर डोळ्यांनी मोजले, चटईच्या विणीवरून बोट फिरवले, मुलीकडे पाहिले.

"वाईट नाही," तो म्हणाला.

योलूने मान खाली घातली. त्याच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. तीन हंगाम छपरीत काम केलेल्या माणसाला त्या दोन शब्दांचे वजन कुणी समजावून द्यावे लागले नाही. मग त्याने विचारायचे ते विचारले, आणि क्लेम हो म्हणाला. ठरल्या दिवशी योलू परत गेला. जनीन रडली, पण या वेळी विमानतळावर ती हातसुद्धा हलवत होती, असे क्लेमने घरी येऊन किटलीला सांगितले.

आता लग्नानंतर योलूला नवरा म्हणून येता यावे, यासाठीच्या मोठ्या अर्जाची तयारी सुरू झाली आहे. जनीन पुन्हा डोंगर आणील, हे मला ठाऊक आहे. त्याहून भयंकर म्हणजे क्लेमला लिहिण्याची चटक लागली आहे. योलूविषयी तो आताच अकराव्या पानावर आहे, आकृत्यांसह, आणि अजून कुणी मागितलेलेही नाही.

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरी माझा एखादा भाऊबंद असेल तर त्याची काच मऊ कोरड्या फडक्याने पुसा, टाचण्या काढा आणि कप दुसरीकडे ठेवा. आणि आपल्या माणसात जे चांगले दिसते ते दिसल्या दिवशीच सांगून टाका. एखाद्या कार्यालयाने पुरावा मागेपर्यंत थांबू नका. क्लेम थांबला, त्याच्या खुणा, हे वर्तुळ आणि हा ओरखडा, माझ्या अंगावर आहेत. आता तो खिडकीशी येतो आहे. हातात बारावे पान आहे, आणि दुसऱ्या हातात, कधी नव्हे तो, चहाचा कप.