‘आर’ला दुसरा पाय बसवून मिळणेबाबत

विषय : टेकडीवरील फलकाच्या ‘आर’ या इंग्रजी अक्षराचा तुटलेला पाय बसवून मिळणेबाबत.
संदर्भ : बंदर समितीकडे यापूर्वी केलेले चार अर्ज.

वरील विषयातला आर तो मीच. पोर्थवेन बंदराच्या टेकडीवर टेहळणीचं खोपट आहे, त्याला लागून पांढरा फलक. त्यावर बी आणि ए कायमचे ठोकलेले. तिसऱ्या खिळ्यावर मी आणि वाय आळीपाळीने लटकतो. मी पत्र्याचा, काळा, माणसाच्या कमरेइतका उंच.

वाय लागला की ‘बे’ : बोट टेकडीपलीकडच्या आखातात अडकली. मी लागलो की ‘बार’ : बोट बंदराच्या तोंडाशी, पाण्याखालच्या वाळूच्या दांड्यावर रुतली. ते पाहून धक्क्यावरची जीवरक्षक होडी डावीकडे जाते किंवा उजवीकडे. टेलिफोन आहे, पण वादळात सर्वांत आधी त्याची तार पडते.

लांबून कोणी आम्हाला वाचत नाही, पाय मोजतात. वायला एक, मला दोन.

गेल्या हिवाळ्यात माझा तिरका पाय वाऱ्याने नेला. उरलो तो पी. टेहळणी करणाऱ्या लव्हडे पास्को बाईंनी अर्ज केला, ‘बार दुरुस्त करून मिळावा.’ समितीचे अध्यक्ष चर्चमधले कडक गृहस्थ, दारूला न शिवलेले. त्यांचा शेरा आला, ‘गुत्त्यासाठी समिती एक पेनी देणार नाही.’ गुत्ता नव्हे, असा खुलासा बाईंनी दुसऱ्या अर्जात केला. समितीने तो एका बॅरिस्टरकडे धाडला. आपण वकिलांच्या बारमध्ये पूर्वीच दाखल झालो आहोत, असं त्यांनी नम्रपणे कळवलं. तिसऱ्या अर्जावर लोहाराकडून लोखंडी कांब आली. इंग्रजीत तीही बारच. माझ्या पत्र्याला ती पेलेना, म्हणून खोपटाच्या दाराला अडसर झाली. बाईंनी मला लाकडी पट्टी सुतळीने बांधली.

नोव्हेंबरातल्या त्या दुपारी पाऊस आणि वारा एकदमच आले. दांड्यावर बोट रुतली. बाईंनी दुर्बीण लावली आणि शिडाचं ठिगळ ओळखलं. ते त्यांनीच लावलं होतं. बोट त्यांच्या नवऱ्याची, डिगरीची.

त्यांनी मला खिळ्यावर चढवलं. पहिल्याच झोताने पट्टी उडाली.

खाली होडीत काय बोलणं झालं, ते मी पुढे खोपटातल्या चहाच्या वेळी ऐकलं.

“जोरीकाका, बॅप लिहिलंय!” वल्ह्यावरचा पेट्रॉक ओरडला. बॅप म्हणजे पाव. “लव्हडेला भूक लागली वाटतं.”

“गप रे! डोकं नको बघूस, पाय बघ,” सुकाणूवरचे जोरी टंकिन खेकसले. “एकच आहे. बे. डावीकडे घ्या.”

होडीचं तोंड डावीकडे वळलेलं बाईंनी आणि मी वरून पाहिलं.

“अरे मेल्यांनो, तिकडे कुठे? तो इकडे बुडतोय!”

हाक बाईंच्या ओठांपुढे गेली नाही. बाई खोक्यावर चढल्या, फलकाला चिकटल्या आणि काळ्या बाहीतला हात माझ्या पोटाखाली तिरका दाबून धरला. वारा मला आपटत होता. माझी तुटकी कड त्यांच्या दंडात शिरत होती, आणि मला मागे सरकता येत नव्हतं.

“हलायचं नाही हं,” त्या म्हणाल्या. “तूही नाही, मीही नाही.”

होडी लाटेआड गेली. वर आली, तरी तोंड डावीकडेच. पुन्हा लाटेआड गेली.

“थांबा,” जोरी म्हणाले. “दुसरा पाय फुटलाय.”

“अक्षराला पाय फुटतो होय, काका?”

“फुटलाय तर खरा. वळवा!”

डिगरी आणि त्याचे दोन सोबती हाती लागले. बोट मात्र बुडाली. संध्याकाळी तो घोंगडी गुंडाळून वर आला आणि बायकोचा दंड पाहून म्हणाला, “ह्या लंगड्याने चावलं की काय तुला?”

“तुझ्यापायी चावलं. चहा पी.”

चौथ्या अर्जाला समितीचं उत्तर आलं आहे : श्रीमती पास्को यांचा हात उपलब्ध असल्याने निकड दिसत नाही, तरी पुढील बैठकीत विचार होईल. बैठकीची तारीख कळवलेली नाही.

माझी विनंती एवढीच, की हात हा हातच समजावा.

आज नैर्ऋत्येचा वारा वाढतो आहे. डिगरी भावाच्या बोटीवर बाहेर गेला आहे. बाईंनी खोकं फलकाखाली आणून ठेवलं आहे आणि काळी बाही मनगटापर्यंत ओढून घेतली आहे.

अर्ज प्रलंबित आहे.