उसन्या आसवांची बाटली

मी एक जुनी बाटली आहे. तपकिरी काचेची, गळ्याशी टवका उडालेली, तुमच्या मुठीत सहज मावेन एवढी. माझ्या पोटात ग्लिसरीन असतं. मित्रांनो, ग्लिसरीन म्हणजे पाण्यासारखं दिसणारं, पण मधासारखं दाट औषध. कापसाच्या काडीने त्याचा ठिपका पापणीच्या कडेला लावला की डोळा चुरचुरतो आणि घळाघळा पाणी येतं. तुम्ही मात्र घरी करून बघू नका, बोलणी मला बसतील. टीव्हीवरच्या मालिकांमध्ये जी माणसं रडताना दिसतात, त्यांतली पुष्कळशी माझ्या कृपेने रडतात. मी फुशारकी मारते आहे असं वाटेल. वाटू दे. माझं कौतुक दुसरं कुणी करत नाही, तेव्हा ते मलाच करावं लागतं.

माझा जन्म काचेच्या कारखान्यात झाला. एका दिवसात आम्ही शेकडो बहिणी साच्यांतून बाहेर पडलो. काहींच्या नशिबी अत्तर आलं, काहींच्या नशिबी खोकल्याचं औषध. मी औषधांच्या दुकानात सगळ्यात खालच्या फळीवर जाऊन बसले. लोक माझ्यासारख्या बाटल्या फुटलेल्या ओठांसाठी आणि भेगाळलेल्या टाचांसाठी न्यायचे. समोरच्या कपाटात अत्तराची एक बहीण होती. तिचं झाकण उघडलं की सगळं दुकान मान वर करायचं. तिच्याकडे पाहून माझ्या पोटात दुखायचं. मत्सर हा माझा जन्मापासूनचा दुर्गुण आहे, तो आधीच कबूल केलेला बरा.

एके दिवशी किंचित पोक आलेला एक उंच माणूस दुकानात आला आणि मला घेऊन गेला. तो मालिकांमधल्या नटनट्यांची रंगभूषा करायचा. सेटवर सगळे त्याला दादा म्हणत. त्याने मला आपल्या पत्र्याच्या पेटीत, पावडरच्या डब्याशेजारी जागा दिली. मी रिकामी झाले की तो मोठ्या डब्यातून मला पुन्हा भरायचा. बाकीच्या बाटल्या आल्या आणि गेल्या, मला मात्र त्याने टाकलं नाही. माझी मान चिंचोळी आहे, त्यामुळे काडीवर नेमका हवा तेवढाच थेंब येतो. दादा म्हणायचा, हिच्यासारखा हात दुसरीला नाही.

माझा सगळ्यात जास्त उपयोग व्हायचा तो मालिकांमध्ये आईचं काम करणाऱ्या बाईंसाठी. वीस वर्षं त्या कुणाची ना कुणाची आई होत आल्या होत्या, म्हणून सेटवर लहानथोर सगळे त्यांना आईच म्हणत. मुलगा भांडला, लाव ठिपका. सून रुसली, लाव ठिपका. इस्पितळातलं दृश्य असलं तर दोन्ही डोळ्यांना दोन-दोन. आई खुर्चीत बसून डोळे मिटायची, दादा काडी बुडवायचा आणि आम्ही तिघं मिळून हजारो घरांना रडवायचो.

पण श्रेय कुणाला? टीव्हीला! दादाची बायको कधीमधी त्याचा विसरलेला डबा घेऊन यायची. एकदा तिने सगळ्यांसमोर सांगितलं, की आमचे हे दुपारी स्वतःच्या हाताने आईंच्या डोळ्यांत औषध घालतात आणि घरी येऊन तेच टीव्हीवर बघून रुमाल भिजवतात. सगळे पोट धरून हसले. दादाही हसला. बाटलीने रडवलं असं मात्र कुणाच्या तोंडून निघालं नाही. केस विंचरणारी मुलगी तर कामाच्या मधल्या वेळात कादंबऱ्या वाचून मुसमुसत बसायची. जो माणूस कधी जन्मालाच आला नाही, तो शेवटच्या पानावर मेला म्हणून हिचं नाक लाल. कधी सिनेमाला जाऊन आली की दुसऱ्या दिवशीही डोळे सुजलेले. कागद, पडदा आणि टीव्ही या तिघांना माणसं आपली खरी आसवं फुकट द्यायची. मला मात्र डोळ्यांत शिरून, चुरचुर करून ती काढावी लागायची. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

मग धाकटी आली. नव्या मालिकेत ती आईच्या धाकट्या मुलीचं काम करायची, म्हणून तिला तेच नाव पडलं. तिच्या पहिल्या रडण्याच्या दृश्याला दादाने काडी बुडवली, तर ती म्हणाली, नको दादा, मला फक्त एक मिनिट द्या. तिने पिशवीतून खाकी कव्हर घातलेलं एक पुस्तक काढलं, मधलं एक पान उघडलं, वाचलं आणि तिचे डोळे भरून आले. खरेखुरे! दिग्दर्शक टाळ्या वाजवत उठला. सगळ्या सेटवर एकच वाक्य फिरू लागलं, हिला बाटली लागत नाही.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ते पुस्तक रोज आरशासमोर माझ्या अगदी शेजारी ठेवलं जायचं. मी तासन्‌तास त्याच्याकडे बघायचे. असं काय आहे त्यात? थोरल्या मुलाचं काम करणाऱ्यालाही हुरूप आला. मीही आतून रडणार, असं त्याने जाहीर केलं. दोन दिवस त्याने चेहऱ्याचे असे काही हाल केले, की दिग्दर्शकाने काळजीने विचारलं, पोट बिघडलंय का. तिसऱ्या दिवशी तो गुपचूप माझ्याकडे आला. पण एकूण माझं काम कमी होत गेलं आणि दादाने मला पेटीच्या मागच्या रांगेत सरकवलं. आता थोरला सोडला तर माझी म्हणून एकटी आईच उरली होती.

इथे मला एक गोष्ट सांगायलाच हवी. त्याआधी दोन वर्षं आईचा नवरा वारला होता. आठवड्याने ती कामावर परतली तेव्हा दादा तिच्या भुवया रेखत असताना तिने ते सांगितलं. घरात सगळे रडत होते आणि तिला काही केल्या रडू येत नव्हतं. शेवटी तिची नणंद चारचौघांत म्हणाली, टीव्हीवर रोज धो धो रडते आणि स्वतःच्या नवऱ्यासाठी डोळ्यांतून टिपूस काढवत नाही. त्यानंतरही आई रडली नव्हती. दादाने पावडरचा डबा उघडला. आणि मी? मित्रांनो, मी मनातून खूश झाले. आईचे डोळे कोरडे, म्हणजे तिला माझ्याशिवाय गत्यंतर नाही.

धाकटीचं कौतुक वाढलं तसा दिग्दर्शकही चढेल झाला. त्याने एक मोठं दृश्य ठरवलं. थोरला मुलगा कायमचा परदेशी निघतो. आई त्याला हसून निरोप देते, दार लावते, त्याच्या खोलीत येते, त्याच्या पलंगावरची चादर घडी करते आणि मग रडते. हे सगळं एका दमात, मध्ये कॅमेरा न थांबवता घ्यायचं. आधी ठिपका लावावा तर हसतानाच डोळे गळणार, आणि नंतर लावायला कुणी मध्ये जाऊ शकत नाही. म्हणजे आईने आपलं आपण रडायचं. आईने सांगितलं, मला नाही जमणार. दिग्दर्शक शांतपणे म्हणाला, मग आईलाही थोरल्याबरोबर परदेशी पाठवू, हल्ली पुष्कळ आया जातात. मालिकेतून परदेशी गेलेलं माणूस परत येत नाही, हे सेटवरच्या मांजरालाही ठाऊक होतं. आईला घरी वाट पाहणारं कुणी नव्हतं. सेट हेच तिचं घर होतं.

त्या दृश्याच्या दिवशी सकाळी दादाने धाकटीला विनवलं, तुझं ते पुस्तक थोडा वेळ आईंना दे. ती एकदम गोरीमोरी झाली आणि पुस्तक पिशवीत लपवू लागली. बघा, किती शिष्ट, असं म्हणत मी मनात टाळ्या पिटल्या. मग आईनेच हात पुढे केला.

"दे गं. माझं सगळं आता त्याच्यावर आहे."

धाकटीने मुकाट्याने ते दिलं. आईने उघडलं आणि ती बघतच राहिली. ते छापील पुस्तक नव्हतंच. ती शाळेची वही होती, एका लहान मुलीच्या अक्षरात लिहिलेली. खुणेचं पान आईने मोठ्याने वाचलं. "आज आईला कळलं की पत्र खोटं होतं. ती कुणाला काही बोलली नाही. तिने सगळ्यांना जेवायला वाढलं. मग ती भांडी घासायला गेली आणि नळ मोठा सोडून रडली. नळ मोठा सोडला की बाहेर ऐकू जात नाही."

ते आईच्याच एका जुन्या मालिकेतलं दृश्य होतं. धाकटी मान खाली घालून सांगू लागली. तिची आई हॉस्पिटलच्या लाँड्रीत संध्याकाळच्या पाळीला असायची आणि मालिका संपल्यावर घरी यायची. म्हणून नऊ वर्षांची धाकटी मालिकेत काय झालं ते रोज वहीत लिहून ठेवायची आणि तिची आई जेवताना ते वाचायची. धाकटीचे वडील वारल्यापासून तिची आई रडली नव्हती आणि शेजारपाजारचे तिला नावं ठेवत होते. त्या दिवशी तिने हे पान वाचलं आणि हातात घास धरून ती हुंदके देऊन रडली. धाकटीला ते पान वाचलं की आपल्या आईचा तो घास आठवायचा.

मला तो दिवस चांगला आठवत होता. तो नळ खोटा होता, भिंतीमागून एक माणूस बादलीने पाणी ओतत होता. कुणीतरी विनोद केल्यामुळे आईला सारखं हसू फुटत होतं आणि दादाला मला तीनदा काढावं लागलं होतं. ते पाणी माझं होतं, सगळं माझं! जिचा मी इतके दिवस मत्सर केला, ती वही माझ्याच थेंबांवर जगत होती. मला ओरडून सांगावंसं वाटलं. पण माझ्या आधी आईच बोलली.

"मी त्या दिवशी रडलेच नव्हते गं. ती बाटली होती."

"आता मला माहितीये," धाकटी म्हणाली. "या कामात आल्यावर कळलं. आईलाही सांगितलं मी."

"मग काय म्हणाली?"

"म्हणाली, असू दे. मी तर खरी रडले ना."

आईने पानावरून बोट फिरवलं. मग तिचे खांदे हलू लागले आणि ती रडली. दोन वर्षांचं रडणं होतं ते, त्याला आवाज होता, नाक होतं, खोकला होता. मी एवढ्या वर्षांत काढलेल्या सुबक थेंबांसारखं त्यात काहीच नव्हतं. दादा दाराला पाठ लावून उभा राहिला, कुणी आत येऊ नये म्हणून. मध्येच आई म्हणाली, "मला वाटलं होतं, माझ्यातलं सगळं आटलं."

आणि तेवढ्यात दृश्यासाठी बोलावणं आलं. नको त्या वेळी, नको त्या जागी सगळं पाणी वाहून गेलं होतं! दादाने धावपळ करून बर्फ आणला, सुजलेल्या डोळ्यांवर धरला, दोनदा पावडर लावली. वेळ पडली तर असावी म्हणून त्याने मला वरच्या खिशात घातलं. तिथून मला सगळं दिसत होतं.

आईने थोरल्याला हसून निरोप दिला. दार लावलं. खोलीत आली. चादर उचलली, घडी केली, हाताने सारखी केली. मग ती घडी मोडली आणि पुन्हा तशीच केली. मग पलंगाच्या कडेवर बसून राहिली. डोळ्यांत एक थेंब नाही. कॅमेरा चालूच होता. मी खिशात अधीर झाले होते. आता दिग्दर्शक थांबवेल, आता दादा मला काढेल. पण कुणी थांबवलं नाही. बऱ्याच वेळाने दिग्दर्शक 'झालं' एवढंच म्हणाला आणि पाणी प्यायला बाहेर गेला.

पुढच्या आठवड्यात तो भाग दाखवला गेला. दुसऱ्या दिवशी दादाची बायको मुद्दाम आली. तिने सांगितलं, की काल आमच्याकडे कुणी जेवलं नाही, ह्यांच्याकडे तर बघवत नव्हतं. रस्त्यात, दुकानात, बसमध्ये बायका आईला थांबवून हात हातात घेऊ लागल्या. आईचं परदेशी जाणं रद्द झालं. आपल्याला पहिल्यापासून कोरडाच चेहरा हवा होता, असं दिग्दर्शक आता सगळ्यांना सांगतो.

पडद्यावर माझा एक थेंब नव्हता आणि आईचाही नव्हता. तरी घरोघरी माणसं रडली. मग इतकी वर्षं मी काय करत होते, हा प्रश्न मला अजून छळतो.

मित्रांनो, मी आजही दादाच्या पेटीत आहे. महिन्यातून एखाद्या वेळी, आता दुसऱ्या मालिकेत काम करणाऱ्या थोरल्यासाठी, मला बाहेर काढतात. माझा मत्सर गेला असं मी म्हणणार नाही. आईचं खरं पाणी त्या वहीवर पडलं, दोन ओळी पुसट झाल्या, आणि माझ्यावर एक शिंतोडाही उडाला नाही, हे मला सलतं. पण त्याहून जास्त सलतं ते दुसरंच. वीस वर्षं मी त्या डोळ्यांच्या सगळ्यात जवळ होते. ते किती कोरडे पडले आहेत हे दादाच्या खालोखाल मलाच कळलं होतं, आणि मी खूश झाले होते.

म्हणून तुमच्याजवळ एक मागणं आहे. घरात कुणी पुस्तक वाचून, सिनेमा बघून, टीव्हीसमोर बसून रडत असेल तर त्याला हसू नका. त्याचं बरं चाललेलं असतं. पण एवढं मोठं दुःख होऊनही जो रडत नाही, त्याच्याजवळ जाऊन बसा आणि कसं आहेस म्हणून विचारा. नावं ठेवणारे त्याला पुष्कळ भेटतात. मी अगदी जवळ होते, पण मला विचारता येत नव्हतं. तुम्हाला येतं.